कोलोनोस्कोपीचा खर्च : विमा नसलेल्या कुटुंबाने वाट कशी काढावी?

कराडजवळच्या एका गावातून एका ताईंचे पत्र आले आहे. नाव प्रसिद्ध करू नये, अशी त्यांची विनंती आहे. त्या लिहितात :

"माझ्या थोरल्या दिरांना मागच्या वर्षी, वयाच्या ५१ व्या वर्षी, मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन झाले, केमो झाली, आता ते बरे आहेत. त्यांच्या सर्जननी सांगितले, की सख्ख्या भावंडांनी कोलोनोस्कोपी करून घ्यावी. माझे यजमान ४६ वर्षांचे आहेत, टेम्पो चालवतात. मी डबे करते. आमचे रेशनकार्ड केशरी आहे. मुलीच्या कॉलेजसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढला, त्यावर वर्षाला २,४०,००० रुपये आहेत. नणंदबाई ५४ वर्षांच्या, वाळवा तालुक्यात असतात. त्यांचे यजमान वारले, त्या शेतमजुरी करतात आणि त्यांचे कार्ड पिवळे आहे. आमच्यापैकी कुणाचाच आरोग्य विमा नाही. पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाने माणशी २४,००० रुपयांचे पॅकेज सांगितले. एवढे पैसे दोघांसाठी कुठून आणायचे? ओळखीचे विमा एजंट म्हणतात, की आधी पॉलिसी काढा, महिना-दोन महिने थांबा, मग तपासणी करा. त्यापेक्षा संडासाची साधी तपासणी केली तर चालेल का? माझे वय ४४ आहे, मलाही करावी लागेल का? यजमान म्हणतात, मला काही होत नाही. त्यांना कधीमधी रक्त पडते, पण ते मूळव्याधीचे आहे, बसून काम असल्यामुळे."

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता जे वाक्य लिहिले आहे, तेथूनच मला उत्तराला सुरुवात करावी लागेल. कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे आतून पाहणे. ज्याला कोणताही त्रास नाही, अशा माणसाने केवळ धोका आहे म्हणून करून घेतलेली कोलोनोस्कोपी ही चाळणी तपासणी असते. नणंदबाईंची तपासणी त्या प्रकारची आहे. तुमच्या यजमानांची मात्र तशी राहिलेली नाही. वय ४६, सख्ख्या भावाला पन्नाशीच्या सुमारास झालेला कर्करोग आणि शौचावाटे अधूनमधून पडणारे रक्त, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर ती रोगनिदानाची तपासणी होते आणि ती पुढे ढकलता येत नाही. रक्त मूळव्याधीचे असणे अगदी शक्य आहे, किंबहुना बहुतेकांच्या बाबतीत ते तसेच असते. पण मूळव्याध असलेल्या माणसाला आतड्यात वर दुसरे काही असू शकत नाही, असा काही नियम नाही, आणि आत पाहिल्याशिवाय हा फरक कोणालाही सांगता येत नाही. आपल्याकडे तालुक्याच्या प्रत्येक गावात एसटी स्टँडच्या आसपास मूळव्याध-भगंदर हमखास बरे करून देणाऱ्यांच्या पाट्या असतात आणि तेथे मलम-पुड्या घेण्यात लोकांचे महिनेच्या महिने जातात. यजमानांना तेथे जाऊ देऊ नका. ठरवायचे ते असे, की त्यांची तपासणी येत्या दोन-तीन आठवड्यांत व्हावी आणि नणंदबाईंची त्यानंतर, सोयीने, पण याच वर्षात व्हावी.

हा फरक मी खर्चाच्या दृष्टीनेही सांगतो आहे. सरकारी रुग्णालयात कोलोनोस्कोपीसाठी प्रतीक्षायादी असते. "भावाला होता म्हणून तपासून घ्यायचे आहे" एवढेच सांगितले तर पुढच्या तारखा मिळतात, आणि "रक्त पडते, शिवाय सख्ख्या भावाला कर्करोग होता" असे केस पेपरवर लिहिलेले असेल तर तारीख लवकर मिळण्याची शक्यता वाढते. म्हणून बाह्यरुग्ण विभागात यजमानांनी "काही होत नाही" हे पालुपद न लावता रक्ताची गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वजन कमी झाले असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा हिमोग्लोबिन कमी आले असेल, तर तेही सांगावे. ते स्वतः सांगणार नाहीत असे वाटत असेल, तर तुम्ही सोबत जा आणि तुम्ही सांगा.

आता सर्जननी दिलेल्या सल्ल्याविषयी. तो योग्यच आहे. आईवडील, सख्खी भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला साठीच्या आत मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर त्या व्यक्तीने वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा नातेवाइकाला ज्या वयात आजार निघाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी करावी आणि पुढे साधारण दर पाच वर्षांनी करावी, असे जगभरचे तज्ज्ञ सांगतात. दिरांना ५१ व्या वर्षी आजार निघाला, म्हणजे भावंडांसाठी ४० हे वय धरायचे. यजमानांना सहा वर्षे आणि नणंदबाईंना चौदा वर्षे उशीर झालेला आहे. यात घाबरून जाण्यासारखे काही नाही, कारण हा आजार बहुतेक वेळा आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेल्या लहानशा मांसल उंचवट्यापासून, म्हणजे पॉलिपपासून सुरू होतो आणि त्या पॉलिपचा कर्करोग होण्यास सहसा बरीच वर्षे लागतात. कोलोनोस्कोपीचे मोल यातच आहे. तीत पॉलिप दिसला तर त्याच दुर्बिणीतून तारेचा फास टाकून तो काढताही येतो, म्हणजे होऊ घातलेला आजार होण्याआधीच थांबतो.

त्यामुळेच तुमच्या "संडासाच्या तपासणी"च्या प्रश्नाचे उत्तर दोघांसाठी वेगवेगळे आहे. ज्यांच्या घरात हा आजार नाही आणि ज्यांना त्रासही नाही, त्यांच्यासाठी शौचाच्या नमुन्यातील न दिसणारे रक्त शोधणारी तपासणी दर वर्षी करणे, हा अनेक देशांनी स्वीकारलेला चांगला मार्ग आहे. ती करायचीच असेल तर 'फिट' या नावाची तपासणी मागावी. तिला जेवणाखाणाचे पथ्य लागत नाही आणि ती फक्त माणसाच्या रक्ताला प्रतिसाद देते. गावातल्या प्रयोगशाळेत 'स्टूल ऑकल्ट ब्लड' म्हणून जी जुनी, स्वस्त तपासणी करतात, तिचा निकाल मटण खाल्ल्याने किंवा काही भाज्यांनीही चुकू शकतो. नणंदबाई कोलोनोस्कोपीला तयारच होत नसतील किंवा तारीख फार लांबची मिळाली, तर मधल्या काळात फिट करून घेणे काहीच न करण्यापेक्षा निश्चित बरे. मात्र तिच्यात रक्त आढळले, तर पुढे कोलोनोस्कोपी करावीच लागते. "पुन्हा एकदा करून पाहू, या वेळी चांगली येईल" असे म्हणून तीच तपासणी परत करण्यात अर्थ नाही. यजमानांच्या बाबतीत तर ती करूच नये. त्यांना रक्त डोळ्यांनी दिसते आहे, ते रसायनाने शोधण्यात पैसे कशाला घालायचे? आणि समजा त्या दिवसाच्या नमुन्यात रक्त नसले, तर "बघ, मी म्हणत नव्हतो?" म्हणून ते तपासणी कायमची टाळतील.

तुम्हाला स्वतःला कोलोनोस्कोपीची गरज नाही. दीर हे तुमचे रक्ताचे नातेवाईक नाहीत, माहेरी कोणाला हा आजार नसेल आणि तुम्हाला त्रास नसेल, तर सध्या हा खर्च करू नका. अमेरिकेत सर्वांनीच ४५ व्या वर्षापासून तपासणी सुरू करावी असे २०२१ पासून सांगितले जाते, पण तेथे हा आजार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात आढळतो. भारतात आतड्याच्या कर्करोगासाठी सरसकट चाळणीचा सरकारी कार्यक्रम नाही. तिशीनंतरच्या स्त्रियांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची प्राथमिक तपासणी मात्र सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत असते. ती तुम्ही करून घ्या, कारण तुमच्या वयाला तिचाच उपयोग जास्त आहे. गावातल्या आशाताईंना विचारले तर त्या दिवस सांगतील.

आता पैशांकडे वळू. पुण्याच्या रुग्णालयाने सांगितलेल्या २४,००० रुपयांच्या पॅकेजमध्ये काय काय आहे, ते तुम्ही पत्रासोबत लिहून पाठवलेत हे फार बरे केले. त्यात कोलोनोस्कोपीबरोबर जठराची दुर्बीण, पोटाची सोनोग्राफी, 'सीईए' नावाची रक्ताची तपासणी आणि रक्ताच्या आणखी डझनभर तपासण्या घातल्या आहेत. सीईए ही कर्करोग झालेल्या रुग्णाच्या उपचारांवर लक्ष ठेवण्यासाठी उपयोगी आहे. दिरांची ती होत असेलच. पण धडधाकट माणसाला कर्करोग आहे की नाही हे ती सांगू शकत नाही. सुरुवातीला ती अनेकदा साधारणच येते, आणि सिगारेट ओढणाऱ्याची नुसतीच वाढलेली दिसू शकते. जठराची दुर्बीण आणि सोनोग्राफी यांचे या प्रश्नात काही काम नाही. हे सगळे वगळून फक्त कोलोनोस्कोपीचा दर विचारला, तर जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतःचे केंद्र चालवणाऱ्या पोटविकारतज्ज्ञांकडे तो साधारणपणे चार-पाच हजार रुपयांपासून दहा-बारा हजारांपर्यंत असतो. मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयात तो त्याच्या दुप्पट किंवा अधिकही होतो. दुर्बीण तीच, आतडे तेच, फरक बहुतांशी इमारतीचा असतो.

पण केवळ दराचा आकडा ऐकून तारीख घेऊ नका. बिल वाढते ते दरात न सांगितलेल्या बाबींमुळे, आणि त्या आधी विचारल्या तर कोणी नाराज होत नाही. दुर्बिणीच्या शुल्कात डॉक्टरांची फी धरली आहे का, आतडे साफ करण्याचे औषध आणि आधीच्या रक्तचाचण्या वेगळ्या आहेत का, दिवसभराच्या खाटेचे भाडे किती, हे विचारावे. भूलतज्ज्ञ येणार असतील तर त्यांची फी वेगळी असते आणि ती लहान नसते. भूलतज्ज्ञांशिवाय, शिरेतून हलके गुंगीचे इंजेक्शन देऊन, किंवा काही ठिकाणी तेही न देता कोलोनोस्कोपी करतात. ती थोडी अस्वस्थ करणारी असते, पोटात गच्च वाटते, पण सोसवणारी असते आणि प्रकृती ठणठणीत असलेल्या माणसाला त्यात जास्तीचा धोका नसतो. यजमान तयार असतील तर येथे खरी बचत होते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा विचारायचा : "पॉलिप सापडला, तर त्याच वेळी काढणार का, आणि त्याचे किती घेणार?" काही ठिकाणी स्वस्त दरात फक्त पाहतात, तुकडा घेतात आणि पॉलिप काढण्यासाठी पुन्हा बोलावतात. पुन्हा बोलावणे म्हणजे पुन्हा जुलाबाचे औषध, पुन्हा दोन दिवसांची मजुरी, पुन्हा प्रवास आणि पुन्हा दुर्बिणीचे पैसे. लहान पॉलिप पहिल्याच वेळी काढणारे केंद्र दोन हजारांनी महाग असले तरी मी तेच निवडेन. (फार मोठा किंवा अवघड जागचा पॉलिप असेल, तर नंतर मोठ्या केंद्रात बोलावणे योग्य ठरते, तो अपवाद समजावा.) काढलेला पॉलिप किंवा तुकडा पॅथॉलॉजीकडे जातो, त्याचे शुल्क नमुन्याच्या प्रत्येक डबीमागे आकारतात, तेही विचारून ठेवा. हे सगळे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेला आकडा बिलाच्या खिडकीपाशी कोणाला आठवत नाही.

खासगी केंद्र हा मात्र तुमचा पहिला पर्याय नसावा. नणंदबाईंपासून सुरू करतो, कारण त्यांचा हक्क सर्वांत मोठा आहे आणि बहुधा त्यांना तो माहीतच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम '४१ कक' खाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांवर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना बंधनकारक आहे. या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के खाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल रुग्णांना सवलतीच्या दरात द्यायच्या असतात आणि त्यासाठी प्रत्येक बिलाच्या रकमेतून २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करायचे असतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असलेले निर्धन आणि ३,६०,००० रुपयांपर्यंत असलेले दुर्बल, अशी मर्यादा आहे. पिवळे कार्ड असलेल्या नणंदबाई पहिल्या गटात बसतात. तुमचा दाखला २,४०,००० रुपयांचा आहे, म्हणजे यजमान दुसऱ्या गटात. मुलीसाठी काढलेला तो दाखला कामाला आला. त्याची मुदत संपली नाही ना, एवढे पाहून घ्या.

योजना खाटांच्या हिशेबात लिहिलेली आहे आणि कोलोनोस्कोपी दिवसभरात आटोपते, त्यामुळे खिडकीवरचा कर्मचारी "ही योजना भरती रुग्णांसाठी आहे" असे म्हणून परत पाठवू शकतो. तेथे वाद न घालता थेट रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकांकडे जा. प्रत्येक मोठ्या धर्मादाय रुग्णालयात त्यांची खोली असते आणि दिवसभरासाठी दाखल करून घेऊन योजनेत बसवायचे की थेट सवलत द्यायची, हे त्यांच्या शिफारशीवर ठरते. सोबत रेशनकार्ड, आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, दिरांच्या आजाराच्या कागदांची प्रत आणि डॉक्टरांनी लिहिलेली तपासणीची चिठ्ठी न्या. यांतला एखादा कागद कमी पडला की काम पुढच्या खेपेवर जाते. आपल्या जिल्ह्यात कोणती रुग्णालये या योजनेत येतात, याची यादी धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात मिळते. मोफत किंवा सवलतीच्या खाटा देण्यास विनाकारण नकार मिळाला, तर लेखी तक्रारही तेथेच करता येते.

दुसरी वाट सरकारी रुग्णालयांची. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. पण कोलोनोस्कोपीला लागणारी यंत्रणा आणि तज्ज्ञ तेथे क्वचितच असतात. ती मिळण्याची खरी शक्यता वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांत असते. तुमच्यासाठी सांगली-मिरज, कोल्हापूरचे सीपीआर आणि पुण्याचे ससून ही ठिकाणे पोहोचण्याजोगी आहेत. मुंबईत नातेवाईक असतील तर केईएम, शीव, नायर आणि जे. जे. आहेत. येथे शुल्क लागते, पण ते खासगीच्या मानाने अगदीच थोडे असते आणि पिवळ्या कार्डावर बहुधा माफ होते. जाण्यापूर्वी एक चौकशी अवश्य करा : कोलोनोस्कोपी कोणत्या वारी होते आणि दुर्बीण सध्या चालू आहे ना. हे यंत्र नाजूक असते, दुरुस्तीला गेले की आठवडे जातात आणि पहाटेची गाडी धरून गेलेल्या माणसाला हे तेथे पोहोचल्यावर कळते. कराड परिसरात खासगी विश्वस्त संस्थांची, वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालयेही आहेत. विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी त्यांना रुग्ण हवे असतात, म्हणून तेथील दर बाहेरच्यापेक्षा कमी असतात. घरापासून जवळचे ठिकाण म्हणून मी तुम्हाला पहिली चौकशी तेथेच करायला सांगेन. मार्च महिना आतड्याच्या कर्करोगाच्या जागृतीचा म्हणून पाळला जातो आणि तेव्हा काही रुग्णालये सवलतीची शिबिरे घेतात. नणंदबाईंना ते सोयीचे पडेल, यजमानांनी मात्र त्याची वाट पाहू नये.

दिरांचे सगळे जनआरोग्य योजनेतून झाले, मग आमचे का नाही, असे तुमच्या मनात आले असेल. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना ही ठरलेल्या उपचारांसाठी आहे, निरोगी माणसाच्या चाळणी तपासणीसाठी नाही. पण तपासणीत काही निघालेच, तर पुढचा उपचार कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांच्या मर्यादेत त्याच योजनेतून होऊ शकेल. "काही निघाले तर पैसे कुठून आणायचे" या भीतीपोटी अनेक जण तपासणीलाच जात नाहीत, म्हणून हे यजमानांना आवर्जून सांगा. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. त्यांच्याकडून दोघांचीही आयुष्मान कार्डे आत्ताच काढून ठेवा.

विमा एजंटांचा सल्ला मी साफ नाकारतो. साध्या आरोग्य विमा पॉलिसीत केवळ तपासणी आणि निदानासाठी केलेला खर्च वगळलेलाच असतो, त्यामुळे पॉलिसी काढूनही कोलोनोस्कोपीचे पैसे सहसा मिळणार नाहीत. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून कशाचेच संरक्षण नसते आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते. शिवाय अर्जात कुटुंबातील आजार आणि स्वतःची लक्षणे विचारलेली असतात. तेथे रक्त पडत असल्याचे लपवले, तर पुढे दावा नाकारण्याचे आयते कारण कंपनीच्या हाती जाते. विमा जरूर घ्या, खरे काय ते लिहून घ्या, पण त्यासाठी तपासणी एक दिवसही लांबवू नका. (प्राप्तिकर भरणाऱ्या वाचकांसाठी एवढेच, की जुन्या करप्रणालीत प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीसाठी ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते आणि ती रक्कम रोखीने दिली तरी चालते.)

ज्या खर्चाचा हिशेब कोणी सांगत नाही, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते स्वस्त कोलोनोस्कोपी म्हणजे एकाच खेपेत नीट झालेली कोलोनोस्कोपी, आणि ते निम्म्याहून अधिक घरच्या तयारीवर अवलंबून आहे. आतडे स्वच्छ नसेल तर डॉक्टरांना लहान पॉलिप दिसत नाहीत, तपासणी अर्धवट सोडावी लागते आणि सगळा खर्च पुन्हा येतो. तपासणीच्या आधीचे दोन-तीन दिवस पालेभाज्या, कडधान्ये, भाकरी, शेंगदाणे, तीळ आणि बिया असलेली फळे बंद ठेवावीत. पेरू, डाळिंब, टोमॅटो, काकडी यांच्या बिया दुर्बिणीच्या तोंडाशी अडकतात. मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, साल काढलेला उकडलेला बटाटा, साधा रवा हे चालते. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसणारे पदार्थ घ्यावेत : पाणी, गाळलेले लिंबू सरबत, शहाळ्याचे पाणी, बिनदुधाचा चहा, डाळीचे वरचे निवळ पाणी. कोकम सरबत आणि बीटाचा रस नको, कारण त्यांचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर त्या डॉक्टरांना विचारून पाच-सात दिवस आधी थांबवाव्या लागतात. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या असतील, तर त्यांचे काय करायचे हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावे, मनाने बंद करू नये.

जुलाबाचे औषध म्हणजे बहुधा पाण्यात विरघळवायची पावडर असते आणि साधारण दोन लिटर द्रावण प्यावे लागते. निम्मे आदल्या रात्री आणि निम्मे तपासणीच्या दिवशी पहाटे, असे दोन भागांत घेतले की आतडे जास्त स्वच्छ होते. सगळे एकदम रात्रीच संपवून टाकायला सांगितले असेल, तर दोन भागांत घेऊ का, असे विचारा. चव खारट-गुळमट असते, गार करून घोटघोट घेतले की उलटी होत नाही. शेवटी शौचाला पिवळसर, लघवीसारखे स्वच्छ पाणी होऊ लागले, म्हणजे तयारी झाली. पहाटेचा डोस घेऊन एसटीने दोन-तीन तास प्रवास करणे शक्य नाही, हे लक्षात घ्या. म्हणून रुग्णालय घरापासून लांब असेल, तर आदल्या रात्री त्याच गावात मुक्काम करावा लागेल आणि जेथे मुक्काम कराल तेथे संडास मोकळा मिळायला हवा. घराजवळचे केंद्र हजार-दोन हजारांनी महाग वाटले, तरी मुक्काम आणि प्रवास धरून कोणते स्वस्त पडते, याचा हिशेब आधी करा.

गुंगीचे औषध दिले तर त्यानंतर २४ तास गाडी चालवायची नसते. यजमानांचा तो व्यवसायच असल्यामुळे त्या दिवसाचे आणि दुसऱ्या दिवसाचेही भाडे घेऊ नका. "संध्याकाळपर्यंत ठीक वाटेल, एक फेरी मारतो" हे चालणार नाही. सोबत मोठे माणूस असल्याशिवाय रुग्णालय सोडतही नाही. धोक्याचेही सांगितले पाहिजे : आतड्याला छिद्र पडणे ही गंभीर गोष्ट हजार तपासण्यांत एखाद्या वेळी किंवा त्याहूनही क्वचित घडते, पॉलिप काढल्यानंतर रक्तस्राव त्यापेक्षा थोड्या अधिक वेळा होतो. घरी आल्यावर पोटात तीव्र आणि वाढत जाणारे दुखणे, ताप किंवा भरपूर रक्त दिसले, तर त्याच रात्री रुग्णालयात परत जावे.

अहवाल हातात आला की त्यात तीन गोष्टी आहेत का ते पाहा : दुर्बीण सिकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीपर्यंत पोहोचली का आणि त्याचे छायाचित्र आहे का, आतडे किती स्वच्छ होते, आणि पुढची तपासणी केव्हा करायची. पुढची तारीख लिहिली नसेल तर तेथेच विचारून लिहून घ्या. आतडे निर्मळ निघाले तर दोघांनाही पाच वर्षे पुन्हा हा खर्च नाही. पॉलिप निघाले तर त्यांची संख्या, आकार आणि पॅथॉलॉजीचा अहवाल यांवरून पाच वर्षांच्या आतली तारीख ठरते.

शेवटची गोष्ट दिरांची आहे आणि तिला फार पैसे लागत नाहीत. त्यांचे आतडे काढले तेव्हाचा पॅथॉलॉजी अहवाल फाईलमध्ये असेल. त्यात 'एमएमआर' नावाच्या प्रथिनांची तपासणी झाली आहे का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. झाली नसेल तर रुग्णालयात जपून ठेवलेल्या त्याच नमुन्यावर ती आताही करता येते. त्या प्रथिनांत दोष निघाला, तर हा आजार लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक दोषामुळे झाला असण्याची शक्यता असते आणि मग रक्ताच्या जनुकीय तपासणीने त्याची खात्री करतात. तो दोष ठरला, तर घरातील ज्यांच्यात तो सापडेल त्यांची कोलोनोस्कोपी विशीच्या सुरुवातीपासून, दर एक-दोन वर्षांनी करावी लागते. त्यांच्या आतड्यात शेकडो पॉलिप होते असे कोणी सांगितले असेल, तर तो वेगळाच आनुवंशिक आजार असतो आणि त्यात मुलांची तपासणी शाळकरी वयातच सुरू होते. यांपैकी काही नसेल, तर दिरांच्या मुलांना चाळिशीपर्यंत थांबता येईल. शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्षभराने दिरांची स्वतःची कोलोनोस्कोपीही व्हायला हवी, ती झाली का हेही विचारा. त्या अहवालातले शब्द उलगडले नाहीत, तर नाव-पत्ता झाकून त्याची प्रत या सदराकडे पाठवा. मी वाचून कळवीन.